कोल्हापुरातल्या पापाच्या तिकटीजवळचे बाइंडिंगवाले मामा

पुस्तक बांधायला टाकायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मागं एका ठिकाणी दिलेल्या कोशाचा समास मशिनवर असा कापला की कडेचे शब्दच गेले. म्हणून हे पुस्तक चार महिने कपाटात तसंच ठेवलं होतं.

पुस्तक डच भाषेतलं, ‘केस द योंगन’. केस हे मुलाचं नाव. लेकीनं ॲमस्टरडॅमच्या जुन्या बाजारातून आणलं, तेव्हाच पाठ निखळलेली आणि दोन फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या घड्या, सुटलेले. मला डच येत नाही. दर रविवारी ती फोनवर चार-पाच पानं वाचून मराठीत सांगते.

मामांनी पुस्तक हातात घेऊन आधी वास घेतला, मग मधली शिलाई बोटानं चाचपली. “मशीन नको गुरुजी, हातानंच शिवतो. पर ह्यो लेखक कोण म्हणायचा?”

मी तिथंच स्टुलावर बसून सांगितलं. तेओ तायसेन. १८७९ चा जन्म, ॲमस्टरडॅमच्या योर्दान या गरीब वस्तीतला. बाप जोडे करणारा, पोरगा अकरा वर्षांचा असताना क्षयानं गेला. तायसेन शाळामास्तर झाला, शिक्षकांच्या संघटनेत राबला, १९३३ पासून संसदेत आणि १९३५ पासून ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेत समाजवादी पक्षाकडून बसला. आपल्याकडं शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा हा गडी तिकडं वर्गात शिकवत होता. १९२३ साली हे पुस्तक आलं. त्यातल्या केसचा बापही जोडेवाला, तोही आजारी पडून जातो. पोरगं रस्त्यानं हात झुलवत, पुढं वाकून, तरातरा चालतं आणि मनातल्या मनात मोठं होत राहतं.

माझे वडील चपला करायचे. वर्गात फी मागितली की मी खिडकीबाहेर बघून असाच कुठंतरी जायचो. केसबद्दल लेक पहिल्यांदा बोलली, तेव्हा मी फोन धरून बराच वेळ गप्प होतो. एवढं मामांना सांगितलं नाही, पण त्यांनी टोच्या उचलून फर्म्याला भोक पाडलं, तेव्हा वडिलांची आरी डोळ्यांसमोर आली. तसाच अंगठ्याचा दाब, तशीच मेण लावलेली दोऱ्याची ओढ.

आता कामाबद्दल. फाटक्या घड्यांना आतून पातळ कागद लावलाय. खळीत मोरचूद घातलंय, त्यामुळं कसर लागायची भीती नाही. समास सुतभरही कापलेला नाही. पाठीला गडद हिरवं कापड. पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं तर आपोआप मिटत नाही, ही खरी पारख. पाठीवरची सोनेरी अक्षरं मात्र किंचित उजवीकडं कलली आहेत, आणि आठवड्याचा वायदा बारा दिवसांवर गेला. घाई असेल तर आधीच सांगून ठेवा. २६० रुपये घेतले, मला ते कमीच वाटले.

पैसे देताना मामा म्हणाले, “पुढं त्या पोराचं काय झालं?”

“शाळा सोडून कामाला जावं लागलं.”

मामांनी मान हलवली आणि पुस्तक परत एकदा फडक्यानं पुसून माझ्या हातात दिलं.

पुढच्या आठवड्यात वडिलांची उधारीची वही घेऊन जाणार आहे. तिचीही पाठ गेलीय.