अप्पा बळवंत चौकातला ‘डावे-उजवे’ तक्ता: लॅमिनेशन एक नंबर, मजकुराची बोंब

भाची एमपीएससी करतेय, सध्या आमच्याकडेच राहते. तिच्या खोलीत जगाचा नकाशा आहे, घटनादुरुस्त्यांचा तक्ता आहे, म्हटलं हा पण असू दे. अप्पा बळवंत चौकात एका दुकानाबाहेर टांगलेला दिसला, ‘राजकीय विचारसरणी : डावीकडून उजवीकडे’, छापील किंमत १८०, घासाघीस करून १५० ला मिळाला.

आधी चांगलं सांगतो. लॅमिनेशन जाड आहे, वरखाली पट्ट्या आहेत, गुंडाळी सोडली की सरळ लोंबतो, कोपरे वळत नाहीत. अक्षर पलंगावरून वाचता येतं. शुद्धलेखनाच्या चुका दोनच सापडल्या, हल्लीच्या मानाने चमत्कारच म्हणायचा. आणि पहिला चौकोन तर झकास आहे, १७८९ सालचा, फ्रान्सच्या राष्ट्रसभेत राजाला नकाराधिकार द्यायचा का यावर भांडण झालं तेव्हा नको म्हणणारे अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसले आणि राजाची बाजू घेणारे उजव्या हाताला, तिथून हे डावे-उजवे आलं, सोबत छोटंसं चित्र पण दिलंय. मी खूश.

मग भाचीने हाक मारली, मामा हे बघ. डाव्या टोकाला लाल रंगात साम्यवाद, त्याच्या शेजारी समाजवाद, आणि त्याला अगदी खेटून फॅसिझम आणि नाझीवाद! उजव्या टोकाला ‘मर्यादित सरकार, मुक्त बाजार’, बास. खाली बारीक अक्षरात कारणं दिलीयत: नाझी पक्षाच्या नावातच समाजवाद होता, फॅसिझम सुरू करणारा इटलीचा मुसोलिनी मूळचा समाजवादी, आणि दोन्हीकडे सगळं सरकारच्या हातात.

आता यातलं मुसोलिनीचं अर्धं खरं आहे आणि तीच खरी पंचाईत. तो इटलीच्या समाजवादी पक्षाच्या ‘अवांती’ या पेपरचा संपादक होता, पण १९१४ मध्ये युद्धात उतरा म्हणायला लागला म्हणून पक्षाने त्याला काढलं. मार्च १९१९ मध्ये मिलानमध्ये त्याने स्वतःची संघटना काढली, त्या वर्षीच्या कार्यक्रमात आठ तासांचा दिवस होता, बायकांना मत होतं, भांडवलावर जबर कर होता, वाचलं तर कुणालाही डावाच वाटेल. पण संघटना निघून महिनाही झाला नव्हता तोवर याच्याच पोरांनी मिलानमधलं ‘अवांती’चं ऑफिस जाळलं, म्हणजे ज्या पेपरचा हा एकेकाळी संपादक तोच. त्या वर्षीच्या निवडणुकीत एक सीट आली नाही. पुढची दोन वर्षं पो नदीच्या खोऱ्यात काळे सदरे घातलेल्या त्याच्या टोळ्या रात्री ट्रक भरून जायच्या आणि शेतमजुरांच्या संघटनांची, कामगारांची ऑफिसं पेटवायच्या, पैसा बऱ्याचदा जमीनदारांचा. मग १९२१ ला लोकसभा, म्हणजे त्यांची, तिथे निवडून आल्यावर हा कुठे बसला? सगळ्यात उजव्या बाकांवर, आणि पहिल्याच भाषणात या अतिउजव्या बाकांवरून बोलायला मला काही वाईट वाटत नाही अशा अर्थाचं बोलला. जर्मनीच्या संसदेत नाझी पण उजव्या टोकालाच बसायचे आणि कम्युनिस्ट डाव्या. म्हणजे पहिल्या चौकोनात कोण कुठे बसलं यावर तक्ता उभा करायचा आणि पाचव्या चौकोनात बसलेल्या माणसाला उठवून पलीकडे नेऊन ठेवायचं, याला काय अर्थ आहे राव.

नावाचं तर सोडाच. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. आपल्याकडे १९८९ पासून पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादावर निष्ठा आहे असं लिहून द्यावं लागतं, तेवढ्यावरून आपले सगळे पक्ष एका चौकोनात घालणार का. नाझींच्या १९२० च्या २५ कलमांत भरपाई न देता जमीन घ्यायचं कलम खरंच होतं, १९२८ मध्ये हिटलरने स्वतः खुलासा काढला की आमचा पक्ष खाजगी मालमत्ता मानतो, घाबरू नका. मार्च १९३३ मध्ये त्याला सगळे अधिकार देणारा कायदा आला तेव्हा विरोधात ९४ मतं पडली, सगळी सोशल डेमोक्रॅट लोकांची, म्हणजे तिथल्या निवडणुकीच्या मार्गाने जाणाऱ्या समाजवाद्यांची, कम्युनिस्टांना तर आत येऊच दिलं नव्हतं. २ मे ला कामगार संघटनांची ऑफिसं ताब्यात, जूनमध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षावर बंदी. नाझी पक्षात समाजवाद हा शब्द मनावर घेणारा एक गट होता, त्यातला ग्रेगोर श्ट्रासर जून १९३४ मध्ये गोळी घालून संपवला. शेजारच्या चौकोनात ठेवलंय ना, हे असले शेजारी.

तिसरं कारण, सरकारी नियंत्रण, त्यात थोडा दम आहे हे मान्य. इटलीत १९३३ ला सरकारने बुडत्या बँका आणि त्यांच्याकडचे कारखाने घेतले. रशियात पण एकच पक्ष, गुप्त पोलीस, छळछावण्या, तिथे मेलेल्या माणसाला डावं-उजवं सांगून काय फरक पडतो. पण त्यासाठी तक्त्यावर वरखाली जाणारी दुसरी रेघ पाहिजे, दडपशाही किती ते दाखवणारी, मग स्टालिन आणि हिटलर दोघं वरती जातील, एक डावीकडे एक उजवीकडे. आडव्या एका रेघेवर हे बसतच नाही. आणि मुसोलिनीने सुरुवातीला केलं काय, तर आयुर्विम्याची सरकारी मक्तेदारी मोडली, टेलिफोन खाजगी कंपन्यांना दिले, १९२६ ला संपावर कायद्याने बंदी. गिरणीमालकाला विचारा हे डावं का उजवं.

आणि ‘समाजवाद’ म्हणून एकच चौकोन? नाशिकच्या तुरुंगात बसून ज्यांनी १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाचा विचार केला ते लोक आणि स्टालिन एकाच रांगेत? त्यांच्यातल्याच समाजवादी नेते एसएम जोशींना ओळखणारे म्हातारे अजून आहेत पुण्यात, त्यांना तरी दाखवायचा छापायच्या आधी.

दुकानात परत गेलो. दुकानदार म्हणाला, “साहेब एवढं कोण वाचतं, भिंतीला लावायचा असतो तो, खपतो चांगला.” बदलून मिळणार नाही असं पावतीवर छापलंय, तेवढं मात्र मोठ्या अक्षरात. भाचीला भीती वेगळीच, मामा पेपरात असंच विचारलं आणि मी बरोबर लिहिलं तर मार्क जातील का.

पाचपैकी दोन स्टार, एक लॅमिनेशनला आणि एक १७८९ च्या चौकोनाला. फॅसिझमचा चौकोन आम्ही कटरने कापून उजव्या टोकाला चिकटपट्टीने लावलाय, भोकातून मागची भिंत दिसते आणि तिथली कड आता सुटायला लागलीय.