देवळाचं तिकीट १० युआन, चहा १,४५८ युआन

शांघायला कामासाठी जाणाऱ्या आणि रविवारी 'जरा शहर बघून येऊ' म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. लाज वाटतेय, तरी लिहितोय.

चहाच्या नावाखाली तिथे कसं लुटतात, म्हणजे अनोळखी माणसं गोड बोलून चहाला नेतात आणि बिल भलतंच येतं, हे तुम्ही वाचलं असेलच. मीही वाचलं होतं. पण माझ्या डोक्यात ते म्हणजे नानजिंग रोडसारखा खरेदीचा गजबजलेला रस्ता, संध्याकाळची वेळ, दोन नटलेल्या पोरी. मी गेलो होतो सकाळी साडेनऊला, देवळात. देवळात कोण सावध असतं? (बायको म्हणाली, "पंढरपुरात चपला बरोबर सांभाळतोस की.")

सप्टेंबर २०२५. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, मशीन बघायला गेलो होतो. मधला रविवार मोकळा होता. युयुआन गार्डन स्टेशनला उतरलं की जुन्या वळणाच्या छपरांचा बाजार लागतो आणि त्यात छंगह्वांगम्याओ, म्हणजे नगरदेवाचं ताओ देऊळ. मिंग काळातलं, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं. आपल्याकडे ग्रामदैवत असतं तसा प्रकार, फक्त इथला देव एकेकाळी खरा माणूस होता, छिन युबो नावाचा विद्वान. सांस्कृतिक क्रांतीत पूजा बंद झाली, १९९४ पासून ताओ पुजारी परत आले. अंगणात उदबत्त्यांचा धूर, मागे नदीपलीकडच्या लुज्याझ्वे या नव्या व्यापारी भागाचे टॉवर. देऊळ खरंच सुंदर आहे आणि या प्रकरणात देवळाचा काडीचा दोष नाही, हे आधीच सांगतो.

आत दारावर एक भलामोठा अ‍ॅबॅकस टांगलाय. मी त्याचा फोटो काढत होतो, तेवढ्यात एका मुलीने इंग्रजीत विचारलं, "आमचा दोघींचा फोटो काढाल?" बरोबर पन्नाशीची बाई. "ही माझी मावशी, आम्ही हांगचौहून आलोय." मावशी! साधा स्वेटर, हातात उदबत्त्या. आता मला सांगा, यात संशय घेण्यासारखं काय होतं? मुलीने अ‍ॅबॅकसचा अर्थही सांगितला: देव पापपुण्याचा हिशोब मांडतो, माणसाचा हिशोब इथे चालत नाही. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही तिच्या.

मग तिने माझं जन्मवर्ष विचारलं. १९८३. "अरे, डुकराचं वर्ष! आणि हे सापाचं. म्हणजे यंदा तुमचं थायस्वेशी वाकडं आहे." थायस्वे म्हणजे वर्षाचे देव, एकूण साठ, साठ वर्षांच्या चक्रातल्या प्रत्येक वर्षाला एक. हे ऐकून मी विरघळलोच. आपलीही संवत्सरं साठच, प्रभव ते क्षय, आणि दोन्हीकडे मूळ हिशोब गुरू ग्रहाचा! आणि 'यंदा वाकडं आहे' हे तर आमच्या घरात साडेसातीमुळे तोंडपाठ. आई शनिवारी मारुतीला तेल घालते. मी तिला संवत्सरं समजावत बसलो, ती डोळे मोठे करून ऐकत होती. कोण ऐकतं हो हे आजकाल?

आणि इथेच, इथेच मला कळायला हवं होतं. थायस्वेच्या दालनात साठ मूर्ती, ओळीने, बघणाऱ्याला सारख्याच. ती मुलगी पाटीकडे न बघता सरळ माझ्या मूर्तीपाशी जाऊन उभी राहिली. चक्रातली शेवटची, साठावी. मी भारावलो, म्हटलं काय श्रद्धा आहे! हांगचौहून पहिल्यांदा आलेल्या माणसाला साठातली एक मूर्ती दोन सेकंदांत सापडते? रोज येणाऱ्यालाच सापडते. मी ड्रॉइंग बघून पाव मिलिमीटरचा फरक पकडतो, आणि हे दिसलं नाही. गेले कित्येक महिने रात्री अंथरुणावर मला ती मूर्ती दिसते.

दुसरी संधीही देवाने दिली. बाहेर तळ्यात नागमोडी पुलावर हूशिन्थिंग हे प्रसिद्ध चहाघर आहे. मी म्हटलं, इथेच बसू. तर मावशीने हात झाडला: तिथे पर्यटकांना लुटतात, आमची माणसं जातात तिथे नेतो. नाशिकला रिक्षावाला 'ते हॉटेल बंद पडलं साहेब' म्हणाला तर मी त्याला उडवून लावतो. इथे मुकाट मागे गेलो.

गल्ली, दुसरा मजला, खिडकी नसलेली खोली, आमच्याशिवाय कोणी नाही. दरपत्रकात ४८ लिहिलं होतं. मला वाटलं, किटलीचे. ते निघाले दर चहाला, दर माणशी. सहा चहा, तिघं: ८६४. खोलीचं भाडं २००. शेंगदाणे आणि सुकामेव्याच्या तीन बशा, ८८ प्रमाणे २६४. चहा ओतणाऱ्या बाईचे १५०. एकूण १,४७८. मावशीने लगेच ४०० रोख काढून टेबलावर ठेवले, 'आमचा वाटा'. ते ४०० मी जिना उतरायच्या आत तिच्या पर्समध्ये परत गेले असणार. उरलेले १,०७८ माझे. वर, आईच्या तब्येतीसाठी म्हणून चहाचा एक डबा, ३८०. हो, डबाही घेतला. त्या डब्याबद्दल मला कोणी काही विचारू नका.

स्टेटमेंटवर १९,३८८ रुपये आले. तिथल्या पेमेंट अ‍ॅपला परदेशी कार्ड जोडलं की २०० युआनच्या वर ३ टक्के जातात, त्यावर आपल्या बँकेचा आकार, आकारावर जीएसटी. लुटलं गेल्याचाही कर भरला मी.

बिल बघून डोकं गरगरलं तर खोलीत बसल्या बसल्या ११०, म्हणजे तिथल्या पोलिसांचा नंबर, लावा. लावतोय असं नुसतं मोठ्याने म्हणालात तरी पुष्कळदा आकडा खाली येतो, हे मला नंतर तिथल्या एका भारतीयाने सांगितलं. मी भिडस्तपणे पैसे देऊन 'थँक यू' म्हणून उतरलो. बिलाचा फोटोही काढला नाही. तुम्ही काढा.

संध्याकाळी पोलीस चौकीत गेलो. फोनवरच्या भाषांतरातून संवाद. दर लिहिला होता? होता. मारलं का? नाही. पैसे तुम्हीच दिले? हो. मग गुन्हा कुठला? ग्राहक तक्रारीच्या नंबरवर हॉटेलच्या मुलाने माझ्या वतीने फोन लावला. त्यांना दुकानाचं नाव हवं. पावतीवर नाव होतं एका हार्डवेअरच्या दुकानाचं! 'या नावाचं चहाघर आमच्याकडे नाही.' बरोबरच आहे, कसं असेल? मला बोल्ट विकत घेतल्याची पावती मिळाली होती. पैसे देण्याआधी समोर येणारं नाव वाचा, कळत नसेल तर भाषांतर करून वाचा. वकिलातीत सहानुभूती मिळाली. भरपूर मिळाली.

भारतात परत आल्यावर सायबर पोलिसांकडे गेलो. 'चीनमध्ये घडलं ना? आणि यात सायबर काय?' दीड तास बाकावर बसवलं, फॉर्म दोनदा भरून घेतला, शेवटी हवालदार म्हणाले, "साहेब, चहा घेणार?" त्यांची चूक नाही, पण मला ओरडावंसं वाटलं.

बँकेने तर कळस केला. व्यवहार तुम्हीच मंजूर केलात, म्हणून वाद दाखल होत नाही. मी चार मेल लिहिले. चारही वेळा तेच उत्तर, फक्त खालची सही वेगळी. मी विचारलं, वर्कशॉपवाला माणूस रविवारी शांघायमध्ये १,०७८ युआनचं हार्डवेअर घेतो, तुमच्या यंत्रणेला शंका आली नाही? यावर उत्तर नाही. गेल्या मंगळवारी मेसेज आला: 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. आमच्या सेवेला १ ते ५ पैकी गुण द्या.' शून्य द्यायची सोय नाही.