गुडघेदुखीच्या काळ्या गोळ्या: पाच महिन्यांनंतर

आधी चांगलं सांगते. गुण आला. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन गोळ्या कोमट पाण्याबरोबर, आणि तिसऱ्या आठवड्यात मी कठडा न धरता जिना चढले. म्हणून तर पुढचं लक्षात यायला एवढा उशीर झाला.

तिसऱ्या महिन्यापासून पोटात पीळ पडायला लागला. चार-चार दिवस पोट साफ नाही. ओवा झाला, एरंडेल झालं, सोनोग्राफीही झाली, सापडलं काहीच नाही. हिमोग्लोबिन ८.४ वर आलं आणि लोहाच्या गोळ्यांनी हलेना. शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी हिरड्या बघितल्या. दातांच्या कडेला निळसर रेघ होती. "काकू, भस्माचं काही चालू आहे का?" भस्म म्हणजे धातू किंवा खनिज जाळून केलेली औषधी पूड. मी ठामपणे नाही म्हटलं, कारण देणाऱ्यांनी 'शंभर टक्के वनस्पती' असंच सांगितलं होतं. डबीवर लेबलच नव्हतं.

रक्तात शिसं निघालं ६८ (मायक्रोग्रॅम, दर डेसीलिटर रक्तात). पाच किंवा त्याच्या वर गेलं तरी कारण शोधून ते थांबवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळ्या प्रयोगशाळेत दिल्या. आपल्याकडे वनौषधींत शिशाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग, आहे. माझ्या गोळ्यांचा आकडा हजारांत होता.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की काही आयुर्वेदिक योगांत, म्हणजे ठरलेल्या औषधी मिश्रणांत, धातू मुद्दामच असतो. योगराज गुग्गुळात भस्मं नसतात, पण महायोगराज गुग्गुळाच्या कृतीत नागभस्म आहे, आणि नाग म्हणजे शिसं. नावात फरक दोन अक्षरांचा! २००४ साली बोस्टन परिसरातल्या दुकानांमधली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासल्याचं प्रसिद्ध झालं. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. माझा राग आयुर्वेदावर नाही. घटक न लिहिता औषध हातात ठेवण्यावर आहे.

शिसं उतरवणारं औषध दोनदा घ्यावं लागलं. पहिल्यांदा आकडा उतरला आणि पुन्हा चढला, कारण ते हाडांत साठतं आणि हळूहळू रक्तात येत राहतं. आता १९ आहे. पोट शांत आहे, गुडघे मात्र परत दुखतात. फिजिओथेरपीचे व्यायाम करते.

एक राहिलं. गुण आला म्हणून मीच माझ्या जावेला एक डबी दिली होती. तिला काहीच त्रास नव्हता, तरी तपासायला लावलं. २३ आलं. तुम्हीही अशी बिनलेबलची डबी कुणाला दिली असेल तर आजच फोन करा, आणि घरात कुणी गरोदर असेल तर आधी तिला.