'पाथ ऑफ रेडियन्स' की 'रेडियन्ट डॉन'?

नौपाड्यातल्या मित्राकडे एका पावसाळ्यात 'फायर एम्ब्लेम' या लढायांच्या व्हिडिओ गेम मालिकेतले हे दोन्ही भाग पाठोपाठ संपवले. आमचं अजून एकमत नाही.

२००५चा पहिला भाग सरळ. भाडोत्री सैनिकांच्या टोळीतला आयक, बापाचा खून, राजकन्या एलिन्सियाचं गमावलेलं राज्य. गोष्ट साधी, पण माणसं जवळची वाटतात, कारण दोन लढायांच्या मध्ये ती एकमेकांशी निवांत बोलतात.

२००७चा दुसरा कितीतरी धाडसी. चार खंड, दरवेळी बाजू वेगळी. आधी मिकाया या नायिकेला घेऊन डेन हा देश सोडवायचा, जो आधीच्या भागात शत्रू होता! पुढे आयक आणि मिकाया समोरासमोर. आपणच वाढवलेल्या पलटणीवर आपणच तुटून पडायचं. तिथे माझा हात खरंच थबकला. मग हे वैर टिकवायला लेखकांनी काढला 'रक्तकरार', म्हणजे हुकूम मोडला तर राजाच्या प्रजेचा जीव घेणारा जादुई करार, आणि माती खाल्ली. राजकारणाचा सगळा गुंता एका शापावर ढकलला, की मिकायाचा निर्णय तिचा राहतच नाही. गप्पाही इतक्या त्रोटक, की नाव झाकलं तर कोण बोलतंय कळू नये.

मित्र म्हणतो, पहिलाच बरा. मी पुन्हा खेळलो तर दुसराच खेळेन. रक्तकरार येईपर्यंत तरी.