कमी चाललेली, पण वयाने जुनी छोटी गाडी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बारा वर्षे जुनी, छोट्या पेट्रोल इंजिनाची आणि वयाच्या मानाने फारच कमी चाललेली हॅचबॅक मी घेतली, तेव्हा तिच्या कमी रनिंगचे सगळ्यांनीच कौतुक केले. काही महिने रोज वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, जुन्या गाडीच्या बाबतीत किलोमीटरचा आकडा इंजिन आणि क्लच किती झिजले असतील याचा अंदाज देतो, पण खिशाला पुढे किती चाट बसणार हे गाडीच्या वयावर आणि विशेषतः तिच्या रबरी भागांवर ठरते. माझ्या गाडीचे इंजिन आजही उत्तम आहे. जे बदलावे लागले ते जवळजवळ सगळे रबर होते.

खरेदीपूर्वी सर्वाधिक वेळ मी गाडीच्या तळाला दिला. छोट्या गाड्यांच्या इंजिनाचे, गिअरबॉक्सचे, सस्पेन्शनचे सुटे भाग सहज मिळतात आणि बदलताही येतात. मात्र दारांखालचा पट्टा, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेले असते ती जागा किंवा डिकीतील स्टेपनीखालचा पत्रा आतून गंजला असेल, तर वेल्डिंग करूनही पूर्वीची मजबुती परत येईल याची खात्री देता येत नाही. या ठिकाणी गंज आढळला तर इंजिन कितीही गोड वाजत असले तरी गाडी सोडून द्यावी, असे मी आधीच ठरवले होते. रनिंगचा आकडा खरा आहे का, हे पाहण्यासाठी पेडलवरचे रबर, स्टिअरिंगची पकड, चालकाच्या सीटची दाराकडची कड आणि सर्व्हिसच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या.

इंजिन पूर्ण थंड असतानाच गाडी दाखवावी, ही अट मी घातली होती, कारण गरम इंजिन बरेच दोष झाकून ठेवते. त्याचबरोबर साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणारे उपकरण, लावून पाहिला. स्कॅनरवर एकही दोष दिसत नाही म्हणजे गाडी ठीक, असे समजण्यात धोका आहे. जुने दोष पुसून टाकलेले असतील किंवा बॅटरी नुकतीच काढून लावलेली असेल, तर ‘रेडिनेस मॉनिटर’ या भागात बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसतात आणि गाडी वेगवेगळ्या वेगांनी पुरेशी चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. माझ्या गाडीच्या सगळ्या तपासण्या पूर्ण झालेल्या होत्या, म्हणून पुढे बोलणी केली.

गाडी ताब्यात आल्यावर पहिले काम टायरचे निघाले. नक्षी भरपूर शिल्लक होती, टायर दिसायला नवे वाटत होते. परंतु बाजूच्या भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे २३१३ होते, म्हणजे टायर २०१३ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले. टायर बनवणाऱ्या अनेक कंपन्या दहा वर्षे ही कमाल मर्यादा मानतात. हवा कमी करून पाहिल्यावर नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक भेगा स्पष्ट दिसल्या आणि चारही टायर, स्टेपनीसह, बदलले.

टायमिंग बेल्टच्या, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या रबरी पट्ट्याच्या, बाबतीत कमी रनिंग विशेष फसवे ठरते. उत्पादक सहसा किलोमीटर आणि वर्षे अशा दोन मर्यादा देतात आणि त्यांतली जी आधी येईल ती लागू होते. माझ्या गाडीने किलोमीटरची मर्यादा गाठलीच नव्हती, त्यामुळे आधीच्या मालकाने बेल्टकडे लक्षही दिले नव्हते. अनेक इंजिनांत बेल्ट तुटताच पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. बेल्टबरोबर तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलून घेतला, कारण पंपासाठी नंतर तेवढीच उघडझाप पुन्हा करावी लागली असती. कूलंटचे होज पाइप त्याच वेळी बदलले. ब्रेक ऑइलही बदलले, कारण ते हवेतली ओल शोषते: डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओल शोषलेल्या अवस्थेत हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि लांब घाट उतरताना हा फरक जाणवू शकतो.

पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवणाऱ्या दांड्यांच्या (ड्राइव्हशाफ्ट) सांध्यांवरची रबरी आवरणे, म्हणजे बूट, सरळ उभ्या गाडीत निर्दोष दिसत होते. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर त्यांच्या घड्या उघडल्या आणि एका घडीच्या तळाशी आरपार चीर आढळली. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडेही होते. आतला सांधा (जॉइंट) अजून वाजत नव्हता, त्यामुळे केवळ बूट आणि ग्रीस बदलून भागले. हीच चीर आणखी काही काळ दुर्लक्षित राहिली असती तर आत धूळ जाऊन अख्खा जॉइंट बदलावा लागला असता. इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसते ते रबरी आधार) आणि सस्पेन्शनच्या लोअर आर्मचे रबरी बुश बदलल्यावर सिग्नलला उभे असताना स्टिअरिंगमध्ये येणारी थरथर गेली, आणि मग व्हील अलाइनमेंट करून घेतले. बुश बदलण्याआधी अलाइनमेंट करणे म्हणजे पैसे दोनदा मोजणे.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो आयडलिंगच्या कुरबुरीने. गाडी उभी असताना इंजिनाचे फेरे वरखाली होत, चालताना मात्र पिकअप उत्तम असे. गॅरेजमध्ये आधी प्लग, मग कॉइल, मग ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळाला. काहीही विकत घेण्यापूर्वी मी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधनात करत असलेली वाढ किंवा घट, पाहिला: आयडलिंगला तो अधिक १८ टक्क्यांच्या आसपास होता आणि मिनिटाला २५०० फेऱ्यांवर अधिक ३ टक्क्यांपर्यंत उतरत होता. हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या इंजिनात हे लक्षण बहुधा मोजणीतून सुटलेली हवा आत शिरत असल्याचे असते. इंजिन हळू फिरताना ही गळती एकूण हवेच्या मानाने मोठी ठरते, फेरे वाढले की तिचा वाटा नगण्य होतो. शोधता शोधता क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पेटीतून) इनटेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गाकडे, जाणारा एक छोटा पाइप सापडला, जो वरून धडधाकट होता, पण खालच्या वळणावर बोटाने दाबताच कडक पापडासारखा मोडला. तेवढा पाइप बदलला आणि आयडलिंग स्थिरावले. प्लग, कॉइल आणि सेन्सर जुनेच आहेत.

आता गाडी शांत चालते, ॲव्हरेज समाधानकारक आहे आणि थंडीतही एका स्टार्टमध्ये सुरू होते. वेगात रस्त्याचा आवाज आत बराच येतो आणि आजच्या गाड्यांइतकी सुरक्षा यंत्रणा तिच्यात नाही, त्यामुळे महामार्गावर वारंवार लांबचा प्रवास करणाऱ्याला मी ही निवड सुचवणार नाही. रोजच्या जवळच्या ये-जा करण्यासाठी मात्र ती पुरेशी आहे. पुन्हा अशी खरेदी करायची झाल्यास एकाच वयाच्या दोन गाड्यांपैकी जास्त चाललेली, पण बेल्ट, बुश, पाइप आणि टायर वेळच्या वेळी बदलल्याच्या नोंदी असलेली गाडी मी घेईन. कमी चाललेलीच घ्यायची असेल, तर या सगळ्या रबरी भागांचा खर्च आधी काढून तेवढी रक्कम विक्रेत्याच्या किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करेन.