बॅकअप सर्व्हरच्या डिझास्टर रिकव्हरी फाइली कुठे ठेवायच्या? जळगावात काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

जळगावातल्या एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात सर्व्हर आणि बॅकअप माझ्याकडे आहे. शाखा भुसावळ, अमळनेर, चोपडा अशा पसरलेल्या आहेत. बॅकअपसाठी बॅकअप एक्झेक नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. रोजचा डेटा कुठे जातो यावर आमच्याकडे पहिल्यापासून लक्ष होतं. पण ज्या सर्व्हरवरून बॅकअप चालतो तोच जळाला किंवा चोरीला गेला, तर तो उभा करायला लागणाऱ्या चार-दोन छोट्या फाइली कुठे आहेत, हा प्रश्न वेगळा आहे. उन्हाळ्याच्या आधीपासून आम्ही त्या निरनिराळ्या ठिकाणी ठेवून पाहिल्या आणि मध्ये रिकव्हरीची तालीमही घेतली. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय.

आधी फाइल कसली ते सांगतो. बॅकअप एक्झेकमध्ये सिम्प्लिफाइड डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे पूर्ण बसलेलं मशीन पुन्हा उभं करायची सोय, चालू ठेवली, की प्रत्येक सर्व्हरची एक डॉट डीआर फाइल तयार होते. त्या मशीनच्या डिस्कची पार्टिशन्स कशी होती, स्टोरेज कंट्रोलर आणि नेटवर्क कार्ड कोणतं, आणि कोणता बॅकअप संच कोणत्या माध्यमावर आहे याची यादी, एवढं तिच्यात असतं. डेटाच्या मानाने ही फाइल चिमूटभर असते. तिची मूळ प्रत बॅकअप सर्व्हरच्याच डिस्कवर पडते, म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये पर्यायी जागा देण्याची सोय आहे, आणि ती जागा दुसऱ्या मशीनवर असावी हे अपेक्षितच आहे. याच्या जोडीला बॅकअप एक्झेकच्या डेटाबेसची एन्क्रिप्शन की (कुलूपबंद डेटा उघडणारी किल्ली) आणि जिच्यावरून मशीन सुरू करता येतं ती रिकव्हरी डिस्क. हा सगळा एकच संच समजायचा. यातलं एक जरी हरवलं तरी बाकीच्याचा उपयोग निम्म्यावर येतो.

सगळ्यात सोयीची जागा म्हणजे फाइल सर्व्हरवरचं शेअर्ड फोल्डर. आम्ही ती पहिल्याच दिवशी बाद केली, कारण फाइल सर्व्हर त्याच खोलीत आहे आणि त्याचाही बॅकअप याच सर्व्हरवरून होतो. शिवाय सर्वांना लिहिता येईल असं फोल्डर रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या) तावडीत सर्वांत आधी सापडतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरलं ते विंडोजच्या याच फाइल शेअरिंगमधल्या भोकातून.

मग वरच्या मजल्यावरचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, घेतला. पर्यायी जागा म्हणून त्याचं एक फोल्डर दिलं, आणि तिथे लिहिण्याचा हक्क फक्त बॅकअपसाठी ठेवलेल्या एका खात्याला. रोजच्या कामाला ही जागा उत्तम आहे. बॅकअप संपला की ताजी फाइल आपोआप जाते, कुणाच्या आठवणीवर काही अवलंबून नाही. नॅसवर स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या वेळच्या जपून ठेवलेल्या प्रती, चालू ठेवले, त्यामुळे कालची आणि आठवड्यापूर्वीची फाइलही मिळते. जुनी फाइल का लागावी? तर आजची फाइल खराब झालेली असू शकते. पण केवळ जुन्या फाइलवर विसंबूही नये, कारण तिच्यातल्या यादीला तेव्हापर्यंतचेच बॅकअप संच माहीत असतात.

खरी परीक्षा तालमीत झाली, आणि या सगळ्या लेखात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. आम्ही ठरवलं की मुख्य कार्यालयातले सगळे सर्व्हर गेले असं धरायचं. डोमेन कंट्रोलर (कार्यालयातली सगळी खाती आणि पासवर्ड तपासणारा सर्व्हर) बंद, बॅकअप सर्व्हर बंद. एक जुना डेस्कटॉप रिकव्हरी डिस्कवरून बूट केला. विझार्ड आला, डॉट डीआर फाइल कुठे आहे ते विचारू लागला. नॅस वरच्या मजल्यावर सुरूच होता, तरी सापडेना. पहिलं कारण, या मशीनला आयपी पत्ताच मिळाला नव्हता, कारण मशीनला तो पत्ता देणारी आमची डीएचसीपी सेवा डोमेन कंट्रोलरवर चालते आणि तो बंद. रिकव्हरी डिस्कमधल्या नेटवर्कच्या पर्यायात जाऊन पत्ता हाताने भरला. तरी नॅसचं नाव टाकलं की काही मिळेना, कारण नावावरून पत्ता शोधून देणारं डीएनएसही त्याच सर्व्हरवर. नावाऐवजी नॅसचा आकडी पत्ता टाकला तेव्हा लॉगिनची चौकट आली. इथे डोमेनचं खातं असतं तर गाडी कायमची अडली असती, कारण त्याची खातरजमा करणारा सर्व्हर आडवा पडलेला. आमचं खातं नॅसवरचं स्थानिक होतं, म्हणून फोल्डर उघडलं आणि त्यात सगळ्या सर्व्हरच्या फाइली नावानिशी दिसल्या.

तेव्हापासून कुठलीही जागा निवडताना मी एवढंच विचारतो: माझं काहीही चालू नसताना ही फाइल मला उघडता येईल का? जागा किती मोठी, किती महाग, कोणत्या कंपनीची, हे सगळं त्याच्या मागून येतं.

दुसरी प्रत अमळनेर शाखेत आहे. तिथल्या एका छोट्या मशीनवर रात्री व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी सुरक्षित जोडणीतून, फाइली जातात. यात एक गोष्ट मुद्दाम अशी ठेवली की मुख्य कार्यालय फाइल ढकलत नाही, अमळनेरचं मशीन ती ओढून घेतं. त्यामुळे जळगावातल्या कुठल्याही मशीनवर अमळनेरचा पासवर्ड नाही. इकडे कुणी घुसलं तरी तिकडची प्रत त्याला पुसता येत नाही. मात्र ओढणारं मशीन आंधळं असतं, बिघडलेली फाइलही ते इमाने ओढेल. म्हणून तिथे रोज तारखेचं नवं फोल्डर होतं, जुन्यावर काही लिहिलं जात नाही. मशीन बसवत होतो तेव्हा शाखेतल्या शिपाईदादांनी विचारलं, ‘भाऊ, हाई काय शे?’ त्यांना समजावून सांगितलं, आणि आता त्या मशीनचा प्लग पंख्यासाठी कुणी काढत नाही. शाखेतल्या माणसांना त्या डब्याचं मोल माहीत असणं फार गरजेचं आहे. उणीव सांगायची तर इंटरनेटच्या लाइनची. रस्त्याच्या कामात केबल तुटली की एक-दोन दिवसांचा खंड पडतो. फाइल इतकी लहान आहे की लाइन आल्यावर भरून निघायला वेळ लागत नाही.

शाखा इतकी लांब कशाला, असं संचालक मंडळात विचारलं गेलं. तेव्हा मी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचं उदाहरण दिलं. १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएचक्लाउड या क्लाउड कंपनीच्या तिथल्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण गेली, शेजारच्या इमारतीचंही नुकसान झालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला. आमची आग विझवायची यंत्रणा त्यांच्याहून चांगली नाही.

तिसरी प्रत पेन ड्राइव्हवर, भुसावळ शाखेच्या लॉकरमध्ये. इथे खान्देशी उन्हाचा विचार करावाच लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि लॉकरच्या खोलीत एसी नाही. फ्लॅश मेमरी वीज न देता ठेवली तर साठवलेलं हळूहळू विरतं आणि उष्णतेत लवकर विरतं. मेमरी चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकात, लिहिण्याची क्षमता वापरून संपलेल्या सर्व्हरच्या एसएसडीने (फ्लॅश मेमरीच्या डिस्कने) ४० अंशांना वीज नसताना तीन महिने डेटा टिकवावा, एवढीच अपेक्षा आहे. साध्या पेन ड्राइव्हला तर ते मानकही लागू नाही. पोर्टेबल हार्ड डिस्कचं म्हणाल तर बऱ्याच मॉडेलवर वापराची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते. दुपारी मोटरसायकलच्या डिकीतून आणलेली डिस्क आम्ही लगेच जोडत नाही, खोलीत थंड होऊ देतो. पेन ड्राइव्ह महिन्याला बदलतो आणि जुन्यावरची फाइल नुसती दिसते का एवढं न बघता उघडून तपासतो. ही प्रत नेहमीच थोडी शिळी असते, पण लाइन नाही, नॅस नाही अशा दिवशी तीच हातात येते. रिकव्हरी डिस्कही तिथेच आहे, वेगळ्या पेन ड्राइव्हवर.

क्लाउडही वापरला. ठरावीक दिवस कुणालाही, अगदी मालकालाही, पुसता येणार नाही असं कुलूप लावायची सोय असलेलं ऑब्जेक्ट स्टोरेज (क्लाउडवर फाइली ठेवायची भाड्याची जागा), सर्व्हर मुंबईत. काही एमबीच्या फाइलींना खर्च नगण्य येतो. अडचण ओटीपीची. क्लाउडच्या लॉगिनचा ओटीपी एकाच माणसाच्या मोबाइलवर येत असेल आणि तो माणूस त्या दिवशी रेल्वेत असेल, तर कुलूप आपल्यालाच लागतं. ओटीपीऐवजी चालणारे रिकव्हरी कोड छापून ठेवले तेव्हाच मी या प्रतीला प्रत म्हणायला लागलो.

छापलेल्या कागदाला मी सर्वांत जास्त गुण देईन. सीलबंद पाकिटात नॅसचा आकडी पत्ता, स्थानिक खातं, बॅकअपचा पासफ्रेज (लांबलचक पासवर्ड), लायसन्स, क्लाउडचे कोड. एन्क्रिप्ट केलेला बॅकअप पासफ्रेजशिवाय उघडत नाही, मग डॉट डीआर फाइल हातात असो वा नसो. एक पाकीट व्यवस्थापकांच्या कपाटात, एक अमळनेरला, आणि डॉट डीआर फाइली व पाकीट दोन्ही जिथे आहेत त्या जागेची किल्ली दोघांकडे. कुणी नोकरी सोडली की पासवर्ड बदलतो आणि पाकीटही.

शिरपूरच्या एका जिनिंगवाल्या मित्राने विचारलं, माझं एकच ऑफिस आहे, मी काय करू? त्याला हे सुचवलं: ऑफिसात डोमेनबाहेरचा एक छोटा नॅस, कुलूप लागणारं क्लाउड स्टोरेज, आणि कागदाचं पाकीट घरच्या कपाटात. पेन ड्राइव्ह हवा तर ठेव, पण सर्व्हरच्या रॅकवर नको. आणि यावर विसंबण्याआधी रविवारी सगळे सर्व्हर बंद करून लॅपटॉपवरून ती फाइल मिळते का ते बघ. त्याने बघितलं तेव्हा नॅसपर्यंत पोचता आलं, पण राउटरचा पासवर्ड फाइल सर्व्हरवरच्या एक्सेल शीटमध्ये होता. तो त्याने आता वहीत उतरवून घेतला आहे.