अंगातले धातू तपासायचे तर रक्त, लघवी, नख की केस?

घरात कुणाला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला की 'धातूंची टेस्ट करून घ्या' असा सल्ला कुठून ना कुठून येतोच. त्याला थोडा आधार आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या अभ्यासात 118 रुग्ण आणि 399 इतर लोकांच्या पायांची नखं तपासली होती. नखांत कॅडमियम, आर्सेनिक, शिसं जास्त असणाऱ्यांत हा आजार अधिक दिसला. सेलेनियम आणि निकेल जास्त असणाऱ्यांत कमी. पण 118 हा आकडा लहान. शिवाय आजाराने पचन बिघडलं की नखांतलं प्रमाणही बदलू शकतं. त्यामुळे कर्करोग आहे की नाही, हे या चारपैकी एकही तपासणी सांगत नाही. धातूशी संबंध किती आला, एवढंच कळतं.

शिशासाठी रक्तच. तेही सीरम (पेशी वगळून उरलेला द्रव) नव्हे, पूर्ण रक्त, कारण शिसं जवळजवळ सगळं तांबड्या पेशींत बसतं. नमुना शिरेतूनच द्या. बोट टोचून घेतला तर कातडीवरची धूळ मिसळते. जस्तही बघायचं असेल तर ट्रेस एलिमेंटची (अत्यल्प प्रमाणातले धातू मोजण्यासाठीची) गडद निळ्या झाकणाची नळी मागा, साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त उतरतं. रक्तातलं शिसं साधारण महिन्यात निम्मं होतं; हाडांतलं मात्र वर्षानुवर्षं राहतं, ते या आकड्यात पुरतं दिसत नाही.

कॅडमियमचं गणित निराळं. रक्त गेल्या काही महिन्यांचं सांगतं, लघवी आयुष्यभराच्या साठ्याचं, कारण कॅडमियम मूत्रपिंडात 10 ते 30 वर्षांत जेमतेम निम्मं होतं. रिपोर्ट क्रिएटिनिनच्या (लघवी किती पातळ आहे हे दाखवणाऱ्या पदार्थाच्या) प्रमाणात मागा, नाहीतर पाणी जास्त प्यायलात म्हणून आकडा खाली येईल.

आर्सेनिकलाही लघवीच, पण इथे हमखास घोटाळा होतो. कोळंबी, खेकडा, बांगडा खाल्ला की त्यातलं जवळपास निरुपद्रवी सेंद्रिय आर्सेनिक एकूण आकडा भलताच फुगवतं. चार-पाच दिवस मासळी बंद ठेवा किंवा असेंद्रिय आर्सेनिक वेगळं मोजायला सांगा. आणि 'आधी धातू बाहेर काढणारं औषध घ्या, मग लघवी द्या' असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. औषधाने आकडा वाढणारच, आणि त्याची तुलना करायला प्रमाणित पातळीच नाही.

नखं मागच्या सहा महिने ते वर्षभराचं सांगतात. शेकडो लोकांच्या अभ्यासाला उत्तम, एकट्या माणसाला मात्र 'सामान्य' म्हणजे किती हे नीट ठरलेलंच नाही. केसांवर तर पैसे घालवूच नका. कोंड्याच्या शाम्पूत सेलेनियम सल्फाइड किंवा झिंक पायरिथिऑन असतं. रिपोर्टमध्ये तेच झळकतं, आणि तुम्ही शरीरात सेलेनियम भरपूर आहे म्हणून खूश होता.

मग घ्यायची कोणी? जुन्या बॅटऱ्या फोडणारे आणि शिसं असलेली भस्मं दीर्घकाळ घेणारे यांनी रक्तातलं शिसं. केडीएम, म्हणजे कॅडमियम मिसळलेला, डाख देण्यात वर्षं घालवलेल्या सोनारांनी लघवीतलं कॅडमियम. सिगारेट ओढणाऱ्याला टेस्टची गरजच काय? तंबाखूचं रोप जमिनीतलं कॅडमियम शोषतं, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका धूम्रपानाने जवळपास दुप्पट होतो. सिगारेट सोडा, टेस्टचे पैसेही वाचतील.

नखांच्या अभ्यासावरून सेलेनियमच्या गोळ्या सुरू करू नका. रोज 200 मायक्रोग्रॅम देऊन प्रोस्टेटच्या कर्करोगावर मोठी चाचणी झाली. फायदा दिसेना म्हणून 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या. रोज 400 मायक्रोग्रॅमच्या वर दीर्घकाळ गेलं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

डोळे पिवळे झालेत, वजन कारण नसताना उतरतंय, किंवा पन्नाशीनंतर वजन घटत असतानाच नव्याने मधुमेह निघालाय, तर या चारांतलं काहीच नको. पोटविकारतज्ज्ञांकडे जा आणि स्वादुपिंडाचा सीटी स्कॅन लागेल का, ते विचारा.